दोरी, साप आणि बॅटरी

रात्री साडेअकराला, नगरच्या सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी जमिनीखालच्या एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेत उतरत होतो. गंजका जिना, अर्धवट उघडी दारं, भिंतीपलीकडे काहीतरी फरफटत नेल्यासारखा आवाज. कोपऱ्यातला खोका कुणी हात न लावता उचलला गेला आणि सणकन माझ्या अंगावर आला. मी असा काही दचकलो की हेडफोनची वायर निघाली, आणि तोवर फक्त माझ्या कानात असलेली ती प्रयोगशाळा स्पीकरमधून हॉलभर घुमली. हॉलमध्ये मामा झोपले होते.

मामांचं गाव अकोले तालुक्यात. विदर्भातलं अकोला नव्हे. हे प्रवरेकाठचं, आपल्या नगर जिल्ह्यातलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातलं ‘नगर’ जायला वेळ लागेल.) दवाखान्याच्या कामाला आले होते, म्हणून मुक्कामी होते. डोळे चोळत माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर काळोख, काळोखात बॅटरीचा गोल उजेड आणि खालच्या कोपऱ्यात बंदुकीची नळी. मामांना बंदूक दिसलीच नाही.

“काय रं, दारं धरायला निघाला व्हय?”

ज्यांनी रात्रीची दारं धरलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. शेतीपंपाची लाईट पाळीने येते. रात्रीची पाळी असली की रात्रीच मोटार चालू करायची आणि उसात शिरून एका सरीचं तोंड मातीने बुजवायचं, पुढच्या सरीचं उघडायचं. एका हातात फावडं, एका हातात बॅटरी. टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस. वारा नसला तरी पाचट वाजतं. आणि अकोले, संगमनेर, राहुरी या पट्ट्यात उसात बिबट्या असतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. गेमच्या खोक्यावर ‘फर्स्ट पर्सन’, ‘हॉरर’ वगैरे जे छापलेलं असतं ते मामा पाळी आली की जगतात. त्याला खेळणं म्हणवत नाही.

तरीही मामांनी तो पडदा एका नजरेत ओळखला. का ओळखला, याचा मी नंतर बरेच दिवस विचार करत होतो.

गेम होता ‘स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिल’, २००७ सालचा. तो बनवला युक्रेनच्या राजधानीत, कीव्हमध्ये, जीएससी गेम वर्ल्ड या कंपनीने. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातली चौथी भट्टी फुटली. भोवतालचा तीस किलोमीटरचा टापू रिकामा केला गेला. हा टापू कीव्हहून शंभरेक किलोमीटरवर, म्हणजे नगरहून पुण्यापेक्षाही जवळ. कंपनीची माणसं तिथे जाऊन फोटो काढून आली आणि ओस पडलेलं प्रिप्यात गाव, मोडके कारखाने, गवतात बुडालेल्या गाड्या गेममध्ये उतरवल्या. पण गंमत पुढे आहे. निषिद्ध टापू, त्यात चोरून शिरणारी ‘स्टॉकर’ माणसं, दिसत नाहीत पण जीव घेतात अशा जागा, त्या ओळखायला पुढे लोखंडाचा तुकडा फेकून बघायची युक्ती, हे सगळं लेखक स्ट्रुगात्स्की बंधूंच्या १९७२ सालच्या कादंबरीतून आलंय. तिच्यावरून दिग्दर्शक तारकोव्हस्कीने १९७९ मध्ये सिनेमा केला. तेव्हा चेर्नोबिलच्या स्फोटाला सात वर्षं अवकाश होता. आधी गोष्ट लिहिली गेली, मग तशी जागा जगात तयार झाली, मग त्या जागेत ती गोष्ट खेळता येऊ लागली. या क्रमाची मला गेममधल्या भुतांपेक्षा जास्त भीती वाटते.

आता त्या बॅटरीकडे येऊ, कारण खरी करामत तिथे आहे.

पडद्यावर साधारण वीस लाख त्र्याहत्तर हजार ठिपके असतात. १९२० आडवे, १०८० उभे, गुणून बघा. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर दर सेकंदाला बारा कोटींच्या वर ठिपक्यांना रंग द्यावा लागतो, आणि प्रत्येकासाठी विचारावं लागतं: इथे उजेड पोचतोय का? बॅटरी आणि हा ठिपका यांच्यामध्ये खांब आहे का, दार आहे का, माणूस आहे का? एकेक करून शोधत बसलं तर रात्र संपेल. यावर १९७८ मध्ये लान्स विल्यम्स या संशोधकाने एक उपाय मांडला. उपाय इतका साधा की आपल्याला कसा सुचला नाही, असं वाटावं. बॅटरीच्या जागी एक डोळा ठेवायचा. त्या डोळ्याला जग कसं दिसेल त्याचं चित्र आधी काढायचं; रंगांचं नव्हे, नुसत्या अंतरांचं. कुठली वस्तू बॅटरीपासून किती लांब, एवढंच. मग खेळणाऱ्याच्या डोळ्याने जग बघायचं आणि प्रत्येक ठिपक्याला विचारायचं: तू बॅटरीला दिसतोस का? दिसत असलास तर उजेडात. मला दिसतोस पण बॅटरीला दिसत नाहीस, तर तू सावलीत.

म्हणजे सावली ही काही काळी वस्तू नाही. दोन डोळ्यांचं एकमत न होणं म्हणजे सावली. आणि हा वाद सेकंदाला साठ वेळा नव्याने मिटवला जातो.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. दोन्ही डोळे एकाच जागी असतील तर वादच उरत नाही. बॅटरी कपाळाला बांधली की वस्तूंच्या सावल्या त्यांच्याच मागे लपतात, आणि जग सपाट दिसतं. तीच बॅटरी कमरेपाशी धरा, प्रत्येक काडीची सावली भुतासारखी लांब होऊन नाचायला लागते. हे पदार्थविज्ञान मी पुस्तकात वाचलं. मामांना ते माहीत होतं, आणि त्यांच्याकडे त्याची पुढची पायरीही होती.

“डोक्यावर लावलीय ते बराबर,” ते म्हणाले. “खाली धरली तर डोळं न्हाय चमकत त्याचं.”

मांजरकुळातल्या प्राण्यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे चकाकणारा आणखी एक थर असतो. आत शिरलेला उजेड त्यावर आपटून पुन्हा पडद्यातून जातो, म्हणून त्यांना कमी उजेडात दुप्पट संधी मिळते. उरलेला उजेड आला त्याच वाटेने परत फिरतो. म्हणजे बॅटरीकडेच. तुमचा डोळा बॅटरीच्या शेजारी असेल तर उसाच्या बुडाशी दोन निखारे दिसतात. बॅटरी कमरेशी असेल तर उजेड कमरेकडे परत जातो आणि तुम्हाला नुसता ऊस दिसतो. जनावर तिथेच असतं.

मी मामांना सांगितलं की २००४ साली आलेल्या ‘डूम ३’ या गेममध्ये हातात एका वेळी बंदूक तरी धरता यायची नाहीतर बॅटरी. खेळणारे इतके वैतागले की कुणीतरी बंदुकीला चिकटपट्टीने बॅटरी जोडून देणारा फेरफार लगेच वाटून टाकला. आठ वर्षांनी नव्या आवृत्तीत कंपनीनेच बॅटरी अंगावरच्या चिलखताला बसवली. मामा हसले नाहीत. फावडं मारताना बॅटरी काखेत धरावी लागायची, म्हणून आता गावात निम्म्या लोकांनी कपाळाला बांधायच्या घेतल्यात, म्हणाले. कंपनीला आठ वर्षं लागली याचंच त्यांना नवल वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर ब्लडसकर आला. हे त्या गेममधलं सर्वांत वाईट जनावर. ते जवळजवळ अदृश्य होऊ शकतं. हवा जरा थरथरल्यासारखी दिसते, घोगरा श्वास ऐकू येतो आणि दोन डोळे चमकतात. मामा एक पाऊल मागे सरकले. मी मेलो. पडदा लाल झाला. आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला.

एक पन्नाशीचा माणूस, ज्याने खरं जनावर दोनदा पाहिलंय, रंगीत ठिपक्यांना का घाबरला? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर फार जुनं आहे. अंधुक उजेडात पडलेली दोरी सापासारखी दिसते, हा वेदान्तातला ठरलेला दृष्टान्त. नेवाशाला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी सातशे वर्षांपूर्वी जो ग्रंथ सांगितला त्यातही तो भेटतो. तिथे विषय अर्थातच भीतीचा नाही, अज्ञानाचा आहे. पण भीतीचा गेम बनवणाऱ्याने हा दृष्टान्त आपल्या टेबलासमोर लिहून ठेवावा. नीट बघा: भर दुपारी दोरी ही दोरीच असते. मिट्ट काळोखात दोरी दिसतच नाही, त्यामुळे सापही दिसत नाही. साप जन्माला येतो तो मधल्या उजेडात. डोळ्याने अर्धी माहिती दिली की उरलेली अर्धी मेंदू आपल्या पदरची घालतो, आणि पदरचं घालताना तो वाईटातलं वाईट निवडतो. त्याचा हिशेब सरळ आहे. दोरीला साप समजलात तर एक उडी वाया जाते. सापाला दोरी समजलात तर पुढचा हिशेब करायला तुम्ही नसता.

म्हणून चांगला हॉरर गेम साप बनवत नाही. तो दोऱ्या बनवतो, आणि उजेड मोजून देतो. वाईट गेम सापावर पैसे खर्च करतो: अक्राळविक्राळ दात, रक्ताची पिंपं. दहा मिनिटांत ते सरावाचं होतं. ‘स्टॉकर’मधल्या त्या प्रयोगशाळेत पहिली काही मिनिटं जवळजवळ काहीच घडत नाही, आणि मला तीच सोसत नाहीत. मामांची दोरी काळ्या पाइपची असते. बांधावर पडलेला पाणी द्यायचा पाइप. पंचवीस वर्षं स्वतःच टाकलेल्या पाइपला पाहून आपण अजून उडी मारतो, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

डोळ्यांपेक्षा कान जास्त फसवतात. दोन कानांत वीतभर अंतर. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतका उशिरा पोचतो, आणि एवढ्याशा उशिरावरून मेंदू दिशा सांगतो. संगणकात बहुधा सेकंदाला ४४,१०० आकड्यांनी आवाज साठवलेला असतो. हेडफोनमध्ये डाव्या कानाचा आवाज पंचवीस-तीस आकडे मागे सरकवला की पाऊल तुमच्या उजव्या बाजूला वाजतं. मागे की पुढे, वर की खाली, हे कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे आवाजात होणाऱ्या बारीक बदलांवरून कळतं. चांगले गेम त्या वळ्यांचंही गणित करतात. खोली तीच, खुर्ची तीच, मागे भिंत. तरी मान वळतेच.

इथे मामांचं आणि गेमचं फाटलं. बिबट्याचं पाऊल वाजत नाही, म्हणाले. नखं आत ओढलेली, तळवे गादीसारखे. ओरडला तर लाकडावर करवत चालवल्यासारखा, पण तेव्हा तो दूर असतो. जवळ असल्याची खूण वेगळी: टिटवी ओरडत उठते, किंवा वस्तीवरची कुत्री भुंकता भुंकता एकदम गप्प होतात. म्हणजे खूण आवाजाची नाही, आवाज थांबण्याची. मी त्यांना सांगितलं, गेम बनवणाऱ्यांनाही हे कळलेलं असतं. रातकिड्यांसारखा, लक्षातही न येणारा आवाज ते अर्धा तास चालू ठेवतात तो एका ठरलेल्या क्षणी बंद करण्यासाठीच.

मग मामांनी विचारलं ते मला कुणीच आजवर विचारलं नव्हतं. “त्याला कसं कळलं तू कुठंय ते?”

वाट शोधणं हा सोपा भाग. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या तिघांनी शेकी नावाच्या डगमगत चालणाऱ्या यंत्रमानवासाठी कमीत कमी अंतराची वाट काढायची एक रीत शोधली. ती रीत किंवा तिचं एखादं भावंड आजही असंख्य गेममध्ये जनावरांना खेळाडूपर्यंत आणतं. अवघड भाग म्हणजे जनावराला न कळू देणं. संगणकाला तुमची जागा नेहमीच माहीत असते, तुम्ही त्याच्या पोटातच असता. त्याने थेट तुमच्यावर झेप घेतली तर ती शिकार नाही, फाशी आहे. २०१४ च्या ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये यावर सुरेख तोडगा काढला. तिथे दोन मेंदू आहेत. एकाला तुमची जागा कायम माहीत असते, पण तो दुसऱ्याला फक्त मोघम सांगतो: त्या बाजूला बघ. दुसरा मेंदू जनावराचा. त्याला स्वतःच्या कानाडोळ्यांनी शोधावं लागतं. कपाटात श्वास रोखून बसलेल्या माणसाच्या समोरून ते जनावर निघून जातं, तेव्हा ते खरोखर चुकलेलं असतं.

‘स्टॉकर’ने आणखी एक केलं. तुम्ही जिथे नाही तिथलीही जनावरं आणि माणसं जगत राहतात. जाडाभरडा हिशेब ठेवून का होईना, फिरतात, भांडतात, मरतात. तुम्ही एखाद्या शेकोटीपाशी पोचता आणि तिथे प्रेतं असतात. कुणी मारली, कधी, तुम्हाला कुणी सांगत नाही.

हे बघितलं की मला आजोबा नावाचा बिबट्या आठवतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्कर बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने काढला, संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. नाव पडलं आजोबा. महिनाभराच्या आत हा गडी सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोचला. रस्ते, रेल्वेचे रूळ, वस्त्या ओलांडल्या. वाटेत किती माणसांच्या दहा-वीस पावलांवरून गेला असेल, आणि त्या माणसांना त्या रात्री काहीच झालं नाही, फारतर कुत्रं गप्प झालं. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदर रस्त्यावर गाडीच्या धडकेने तो मेला. अंगातल्या चिपवरून ओळख पटली. २०१४ मध्ये सुजय डहाकेंनी त्याच्यावर सिनेमाही काढला.

याच अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्याच्या खोऱ्यात कॅमेरे लावून मोजणी केली होती. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जिथे चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात, रानाचा पत्ता नाही, अशा शेतशिवारात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच वयात आलेले बिबटे निघाले, आणि तेवढीच तरसं. खाणं काय? वजनाने मोजलं तर ८७ टक्के पाळीव जनावरं, त्यातही सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. इथेच गेम खोटा पडतो. ब्लडसकरला मी हवा असतो. बिबट्याला मामा नको असतात, कुत्रं हवं असतं. तरी गाठ पडते, हल्ले होतात, जिल्ह्यात लहान मुलंसुद्धा दगावली आहेत. त्यामुळे ‘तो काही करत नाही’ असं शहरातून सांगणाऱ्यांना मामा उत्तर देत नाहीत, नुसतं बघतात.

मग माणूस पैसे देऊन भीती का विकत घेतो? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी एका भुताच्या वाड्यात ११० जणांच्या छातीला ठोके मोजायची यंत्रं लावून त्यांना आत सोडलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले: भीती फार कमी तरी मजा नाही, फार जास्त तरी नाही, मजा मधे कुठेतरी. पुन्हा तो मधला उजेडच. त्या वाड्यातल्या माणसांना आणि मला एक गोष्ट ठाऊक असते, की दार कुठे आहे.

मामा खुर्चीत बसले. “बघू.” मी माऊस हातात दिला. ते पळाले नाहीत, गोळी मारली नाही. बॅटरी बंद कशी करायची ते विचारून घेतलं, बंद केली, आणि त्या प्रयोगशाळेच्या बोळात नुसते उभे राहिले. ऐकत. मिनिटभराने म्हणाले, डोळे सरावत नाहीत. बरोबर आहे, खऱ्या काळोखात डोळा अर्ध्या तासाने पुरता उघडतो, पडद्याचा काळा रंग मात्र खरा काळा नसतोच, मागचा दिवा चालूच असतो.

“झ्याक बनवलंय,” उठताना म्हणाले. “पण वास न्हाय.”

याच्यावर कुणी काम करतंय का मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की पट्टेरी वाघाने हद्द आखायला मारलेल्या फवाऱ्यात जे वासाचं रसायन सापडलं, तेच बासमतीला तिचा सुगंध देतं.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले. या आठवड्यात त्यांच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, शेतीची लाईट रात्री दहाला येते आणि पहाटे सहाला जाते.